भुलीचे आबा

आबांना कुणी नमस्कार केला की हात जोडण्याआधी त्यांचं तोंड उघडायचं. "शेवटचं कवा खाल्लं?" हाच त्यांचा रामराम. एसटी स्टँडवर भेटलेला पाहुणा असो, बँकेतला शिपाई असो, नाहीतर बोहल्यावर उभा असलेला नवरामुलगा, आबांना आधी ते कळायला हवं असे. एका लग्नात तर त्यांनी खरोखरच अक्षता पडायच्या आधी नवऱ्याला हे विचारलं. त्या बिचाऱ्यानं घाबरून "सकाळी पोहे, नंतर काही नाही," असा पोलिसाला द्यावा तसा जबाब दिला. आबा खूश झाले. म्हणाले, "मग आता काई बी करा ह्येचं."

आबा भूल देणारे डॉक्टर होते. भरल्या पोटी माणसाला भूल दिली तर पोटातलं अन्न उलटून छातीत जाऊ शकतं, या एका भीतीवर त्यांचा सगळा जन्म गेला होता. फौजेच्या दवाखान्यांत त्यांनी नोकरी केली, पंजाबपासून आसामपर्यंत हिंडले आणि निवृत्त झाल्यावर बापाच्या माळावर परत आले. तिथं डाळिंब लावलं, मेंढरं पाळली. घराणं धनगराचं. "चार पिढ्या मेंढरं राखली, मधी मी येकट्यानं माणसं राखली, आता परत मेंढरं," असं ते सांगत. मेंढरं माणसांपेक्षा शहाणी असतात, असंही लगेच जोडत, कारण मेंढरं विचारलेलं खोटं सांगत नाहीत.

माणसं मात्र सांगतात, आणि आमच्या भागात तर ती रीतच आहे. कुणाच्या दारात गेलं आणि "जेवला का?" असं विचारलं, तर पोटात कावळे ओरडत असले तरी "व्हय, आत्ताच जेवून निघालो," म्हणायचं. घरच्या बाईला उगाच चुलीला लावायचं नाही. दवाखान्यात हीच माणसं उलटं खोटं बोलतात. लेकीला कळा सुरू झाल्या की आई आधी तुपातला शिरा करते, समोर बसून खायला लावते आणि मग रिक्षा बोलावते. लेक रिकाम्या पोटी घराबाहेर कशी पाठवायची? दवाखान्यात डॉक्टर रागावतात हे ठाऊक असतं, म्हणून विचारलं की हात हलवून सांगायचं, "न्हाई वं, पान्याचा थेंब न्हाई." आबांनी यावर तोड काढली होती. ते बाळंतिणीच्या आईला कधीच सरळ विचारत नसत. जवळ जाऊन हळूच म्हणत, "रव्याचा केला हुता, का गव्हाच्या पिठाचा?" बाई अभिमानानं सांगून टाकायची, "रव्याचा. साजूक तुपातला."

मी मूळची वाईची. कृष्णाबाईच्या घाटावर वाढलेली, त्यामुळे पाणी म्हणजे काहीतरी फुकट मिळणारी वस्तू असते अशी माझी समजूत होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, विट्याच्याही पलीकडे, एका तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा ती समजूत पहिल्या उन्हाळ्यातच उतरली. पाण्याचं तरी जमवून घेतलं. दुसरी गोष्ट जमेना. मला सिझर करता येत होतं, ऑपरेशन थिएटर होतं, टेबल होतं, दिवा होता, हुशार इन्चार्ज सिस्टर होत्या. भूल द्यायला कुणी नव्हतं. ते पद कागदावर होतं आणि कागदावरच रिकामं होतं.

भूल देणारा नसेल तर सर्जनचं काय होतं, हे मला तिथं कळलं. मूल आडवं आहे, कळा थांबल्यात, बाळाचे ठोके उतरतायत, हे मला सगळं समजायचं, आणि समजून मी काय करायची, तर चिठ्ठी लिहायची आणि एकशेआठच्या गाडीत बसवून बाईला सांगली-मिरजेला लावून द्यायची. मी डॉक्टर कमी आणि पोस्टमन जास्त झाले होते. गाडी गेली की हातात फोन घेऊन बसायची. "सुटली" असा निरोप आला की चहा घशाखाली उतरायचा. एकदा तो निरोप आला नाही. आई वाचली, बाळ वाटेतच गेलं. ती बाई पुढं महिनाभरानं टाके दाखवायला आली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी तर हितंच हुतासा की." तिनं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच कोडं पडलं होतं. मी त्या दिवशी बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

तो अर्ज अर्धवट राहिला, त्याला कारण डाळिंबाचा काटा. गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेला, पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा टाचेत मोडलेला काटा काढून घ्यायला आला. गमबुटात काटा कसा गेला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "बूट आज घातल्यात. काटा काल मोडला." काटा निघाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि जाताना हा माणूस दाराऐवजी भलतीकडेच वळला. थिएटरचं दार त्यानं न विचारता ढकललं. आत पल्स पोलिओचे बॅनर गुंडाळून ठेवलेले, लसीचे रिकामे डबे, आणि कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं भुलीचं यंत्र. त्यानं चादर उचलली, फुंकर मारली आणि यंत्राच्या पाठीवर बैलाला थोपटावं तसं थोपटलं.

"ह्ये असं का ठेवलंय?"

मी म्हटलं, चालवायला माणूस नाही.

"कधीपास्नं?"

"मी यायच्या आधीपासून."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमचं नाव काय? कुठल्या तुमी?"

मी सांगितलं. त्यावर तो वाईच्या वांग्यांबद्दल काहीतरी बोलला आणि मग सिस्टरांकडं वळून म्हणाला, "हे बॅनर उद्या हितं दिसले तर माझ्या मेंढरांस्नी खायला घालीन." असे आबा आमच्याकडं आले. सरकारी योजनेत बाहेरच्या भूलतज्ज्ञाला बोलावता येतं, त्याची रीतसर परवानगी मिळायला वेळ लागला. तोवर आबा रोज येऊन यंत्राच्या नळ्या तपासत, ऑक्सिजनच्या सिलिंडरला कान लावत आणि सगळ्यांना शिव्या देत.

त्यांचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. ते गर्विष्ठ होते आणि त्यांना ते आवडायचं. सर्जन या जातीबद्दल त्यांचं मत फार वाईट. "तुमी शिंपी. कापड फाडायचं नि शिवायचं. मानूस जित्तं ठेवायचं काम आमचं," हे ते माझ्या तोंडावर, मी टाके घालत असताना म्हणत. मीही काही कमी नव्हते. शिंप्याशिवाय तुमची मेंढरं उघडी पडतील, असं मी म्हणायची. मग ते टेबलाच्या डोक्याकडून मोठ्यानं हसत आणि टेबलावरची बाई, कमरेखाली बधिर आणि वर पूर्ण जागी, बिचकून विचारायची, "काय झालं वं?"

त्या बाईशी बोलणं हे आबांचं खरं काम होतं, असं मला पुढं वाटायला लागलं. पाठीच्या मणक्यात सुई दिली की ते स्टूल ओढून तिच्या डोक्याशी बसत, एक हात तिच्या कपाळावर ठेवत आणि सुरू होत. गाव कुठलं? कुणाची लेक? दिली कुठं? सासरा काय करतो? चार प्रश्नांत कुठं ना कुठं नातं निघायचंच. बाप ओळखीचा नसला तर बापाचा मामा ओळखीचा निघे, तोही नसला तर त्या गावच्या जत्रेत आबांचा मेंढा टकरीत जिंकलेला असे. एक मुलगी भीतीनं हात-पाय आपटत होती, म्हणजे हातच, पाय हलणार नव्हते. तिला आबांनी विचारलं, "घरात शेरडं हायेत?" होती. "काळी का बांडी?" बांडी. मग त्या बांड्या शेळीचा स्वभाव, ती कुणाला ढुशी मारते, किती दूध देते, हे सांगता सांगता मुलगी शांत झाली आणि शेळीच्या दुसऱ्या वेताचं सांगत असतानाच तिचं बाळ रडलं. ती म्हणाली, "आगं बाई, झालं?"

"भूल द्यायला सुई लागती," आबा म्हणायचे, "पर भ्या घालवायला त्वांड लागतं." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की सिस्टरही म्हणायला लागल्या आणि शेवटी मीही.

आबांच्या जुन्या जीपमागं त्यांचं कुत्रं पळत यायचं आणि दवाखान्याच्या फाटकात बसायचं. त्यामुळं गावाला आत काय चाललंय हे फळ्यावर लिहिल्यासारखं कळे. बाजाराला निघालेल्या बाया कुत्र्याकडं बघून म्हणत, "आबांचं कुत्रं बसलंय. शिजर चाललंय जणू." आणि परत येताना कुत्रं दिसलं नाही की, "सुटली बाई येकदाची." ज्या गावात पूर्वी बाळंतीण गाडीत घालून कुठं नेली याचीच चर्चा असायची, त्या गावात आता कुत्रं उठलं की नाही याची चर्चा होऊ लागली. मला फार हलकं वाटायचं. बदलीचा अर्ज मी टाकून दिला होता.

एका गोष्टीवरून मात्र मी नेहमी चिडायची. आमच्या भागातली निम्मी घरं सोनं गाळायच्या धंद्यातली. पोरं विट्याच्या बाजूनं निघतात आणि देशाच्या कुठल्याही शहरात जाऊन सोनं-चांदी गाळायची दुकानं थाटतात. त्यांच्या बायका तिकडंच, मोठ्या शहरात, घरापासून हाकेच्या अंतरावर चकचकीत हॉस्पिटल असलेल्या. आणि पहिलं बाळंतपण आलं की या मुली रेल्वेनं दीड-दोन दिवस प्रवास करून माहेरी येणार! का, तर पहिलं बाळंतपण माहेरी. मी आबांपुढं तोंड सोडलं. म्हटलं, यांना तिकडंच राहायला सांगायला हवं, इथं माळावर काय आहे?

आबा डाळिंब सोलत होते. म्हणाले, "आई हाय की."

"आबा, आईला सिझर करता येतं का?"

"न्हाई. पर लेक म्हायेरी येनारच. आपुन लेकीला सांगायचं व्हय, की बाई, म्हायेर सोड? का म्हायेराला दवाखाना द्यायचा?" आणि डाळिंबाचे दाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "सांगा तुमी. शिकल्या हायसा."

मी दाणे खाल्ले.

सोनाली अशीच आलेली. नवऱ्याचं दुकान दक्षिणेत, माहेर आमच्या दवाखान्यापासून जवळच्या वाडीत. तिची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडावर येऊन बसली होती. असं असेल तर मूल नीट वाटेनं येऊ शकत नाही आणि केव्हाही रक्त सुरू होऊ शकतं. मी तिला आणि तिच्या आईला समजावलं होतं की ठरवून सिझर करू, पंचमी झाली की दवाखान्यात येऊन राहा. तोवर काही झालं तर पळत या.

पंचमीच्याच दिवशी, दुपारी, ते झालं. शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या कोरड्या पूर्व भागातही पंचमी म्हणजे बायकांचा दिवाळीपेक्षा मोठा सण. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तव्यावर काही टाकायचं नाही, रानात कुदळ घालायची नाही. नागोबाला दुखापत होते. उकडलेली पुरणाची दिंडं करायची, झोके खेळायचे. सोनालीला तिचा चुलता जीपमधून घेऊन आला तेव्हा तिचं नवं लुगडं भिजलेलं होतं आणि चेहरा कागदासारखा पडला होता. नाडी पळत होती. सांगलीपर्यंत ती टिकणार नाही हे मला दारातच दिसलं. आबांना फोन गेला. रक्तसाठ्याच्या फ्रिजमध्ये तिच्या गटाच्या मोजक्या पिशव्या होत्या, त्या काढल्या.

आणि तिची आई थिएटरच्या दारात आडवी उभी राहिली.

"आज न्हाई कापायचं, बाई. आज पंचमी हाय."

मला आधी कळेचना. तिनं हात जोडले. "आमच्यात आज इळीला हात लावत न्हाईत. पोटच्या पोरीवर सुरी? लेकराला काय झालं म्हंजी? तुमी सांगलीला पाटवा. तितं जाईस्तवर दिस मावळंल, मग करतील."

त्या बाईच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, भीती होती. नातवंडाला शाप लागू नये म्हणून ती लेकीला मारायला निघाली होती आणि तिला ते कळत नव्हतं. सोनालीला गुंगी येत होती, चुलता बाईच्या तोंडाकडं बघत होता. माझा आवाज चढला. मी ओरडले की तुमची मुलगी दिवस मावळायची वाट बघणार नाही. त्यानं ती आणखी घट्ट उभी राहिली. आमच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. प्रज्ञा, शेजारच्याच गावच्या, त्यांनी हळू आवाजात समजावून पाहिलं. बाई मान हलवत राहिली.

तेवढ्यात आबा आले. सणाचं धोतर, वर फेटा. दोन क्षणांत त्यांना काय चाललंय ते समजलं. ते बाईसमोर जमिनीवर उकिडवे बसले, म्हणजे ती उंच आणि ते खाली.

"आक्का, मी पंचमीचा जलमलेला हाय."

बाई त्यांच्याकडं बघायला लागली.

"माझी आय मेंढरांच्या वाड्यावर बाळतीन झाली. पंचमीला. माझी नाळ कापली आसंल का न्हाई?"

"कापली आसंल की."

"कशानं?"

"इळ्यानं."

"मग? आज मुलखात जेवढी प्वारं जलमतील, त्येंची नाळ तशीच ठेवून उद्यापतूर वाट बगत्यात व्हय? सुईन म्हनती का, आज पंचमी हाय, उद्या कापू?"

"न्हाई."

"आई येगळी नि लेकरू येगळं करायला जे कापत्यात, त्ये पंचमीला चालतं आक्का. ती भाजीची इळी न्हवं. नागोबाला फरक कळतोय. त्यो काय आपल्यावानी खुळा न्हाई."

बाईचे हात खाली आले. ती बाजूला सरकली आणि भिंतीला टेकून रडायला लागली. चुलत्यानं सही केली. आबा उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज अगदी घरगुती करून म्हणाले, "दिंडं मऊ झाली हुती का?"

"लोन्यागत," ती डोळे पुसत म्हणाली. "दोन खाल्ली तिनं. तूप घालून."

आबा वळले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. रक्त इतकं गेलेलं असताना मणक्यातली सुई देता येणार नव्हती, रक्तदाब आणखी कोसळला असता. पूर्ण भूल द्यावी लागणार होती, आणि पोट दिंडांनी भरलेलं. म्हणजे ज्या एका गोष्टीला ते जन्मभर भीत आले, तीच आज टेबलावर होती.

त्या दिवशी मी आबांना पहिल्यांदा गप्प पाहिलं. कुणाची लेक, सासर कुठलं, काही नाही. त्यांनी सिस्टरांची दोन बोटं धरून सोनालीच्या गळ्यावर नेमकी जागा दाखवली, जिथं दाबलं की अन्ननळी मिटते. "मी म्हनंपतूर सोडायचं न्हाई. आभाळ पडलं तरी." नळीला आणि सुईला हात लावण्याआधी त्यांनी एकदा डोळे मिटले. मग औषध गेलं, सोनाली झोपली, आबा वाकले. मी सुरी हातात घेऊन उभी. थिएटरमध्ये नुसता यंत्राचा आवाज. नळी श्वासनळीत गेली, त्यांनी फुगा दाबला, छातीला स्टेथोस्कोप लावला, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं.

"शिंपी, फाडा," आबा म्हणाले.

इतकं सुंदर वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलेलं नाही. मी कापलं. वार मध्ये होती, रक्तानं काही दिसत नव्हतं, पण बाळाचा पाय हाताला लागला आणि मग सगळं बाळ. ते निळसर होतं आणि गप्प होतं. प्रज्ञांनी ते उचललं, पुसलं, पाठ चोळली, तोंडावर मास्क धरून श्वास दिला. मी गर्भाशय आवळून धरलं होतं, मागं वळता येत नव्हतं. मला फक्त ऐकता येत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मग एक बारीकशी, मांजराच्या पिल्लासारखी कुरकुर, आणि त्यापाठोपाठ चिडलेलं, खणखणीत रडणं. मला तिथंच रडू आलं. मास्क होता म्हणून बरं.

रक्त थांबलं. पिशवी लागली, नाडी सावकाश झाली. सोनाली पुरती जागी होऊन गिळायला-खोकायला लागली, तेव्हा आबांनी नळी काढली आणि मग ते एकदम इतकं बोलायला लागले की सिस्टर म्हणाल्या, आबा, जरा श्वास घ्या. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. फेटा काढला. त्यांचे हात थरथरत होते. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"आबा, तुम्ही खरंच पंचमीचे?"

"कुनाला ठावं! धनगराच्या वाड्यावर तिथी कोन बगतंय? शाळंत घातलं तवा मास्तरानं येक जून लिवला." ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पर नाळ कापली हुती, त्ये खरं हाय."

मुलगी झाली होती. नाव पंचमीच ठेवलं. सोनालीची आई आता आमच्या भागात मोठी जाणकार झाली आहे. पंचमीला बाळंतिणीचं कापणं चालतं, असं ती ठासून सांगते, आणि कुणी शंका काढली तर नातीला पुढं करते.

पण त्या थरथरणाऱ्या हातांचं मला काही विसरता येईना. आबांचं वय होत चाललं होतं. त्यांच्या बायकोचे, काकूंचे, गुडघे गेले होते, पुण्याहून मुलगा सारखा म्हणत होता की दोघंही इकडं या. आबा मेंढरांची सबब सांगत. मेंढरं त्यांनी हळूहळू विकून टाकली, मग डाळिंबाची सबब सांगू लागले. खरी गोष्ट आबांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होती. ते गेले की थिएटरमध्ये पुन्हा बॅनर येतील आणि मी पुन्हा पोस्टमन होईन. मी त्यांना जा म्हणू शकत नव्हते आणि राहा म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तोड आबांनीच काढली. साध्या एमबीबीएस डॉक्टरांना अशा दवाखान्यांसाठी भूल द्यायला शिकवण्याचं सरकारी प्रशिक्षण असतं. आबा प्रज्ञांच्या मागं लागले. त्या हुशार, शांत, पण या कामाचं नाव काढलं की मागं सरत. "आबा, मला भीती वाटते. माणूस माझ्या हातात झोपणार आणि मी त्याला उठवू शकले नाही तर?"

आबा म्हणाले, "भ्या वाटतंय न्हवं? मग तुमीच पायजे. ज्येला भूल देताना भ्या वाटत न्हाई, त्येच्या हातात सुई देऊ ने."

प्रज्ञा गेल्या. त्या शिकत होत्या ते सगळे महिने आबा फोन उशाला घेऊन झोपले. काकू मला म्हणाल्या, ते धड झोपतच नाहीत, फोन वाजायच्या आधीच उठून बसतात, आणि दुपारी तर पडतही नाहीत. प्रज्ञा परत आल्यावर पहिल्या काही वेळा आबा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हाताची घडी घालून, ओठ दाबून. त्यांना न बोलणं किती जड जात होतं ते मला दिसत होतं. पुढं ते दारात उभे राहू लागले. मग दाराबाहेर.

त्यांची पुण्याला जायची तयारी झाली तेव्हाची गोष्ट. सामान गेलं होतं, ते नुसते निरोप घ्यायला आले होते, आणि नेमकी एक बाई आली. बाळाचे ठोके उतरत होते. मी सवयीनं आबांकडं पाहिलं. त्यांनी प्रज्ञांकडं पाहिलं आणि बाहेरच्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. आत प्रज्ञांनी सुई दिली, स्टूल ओढून डोक्याशी बसल्या आणि त्या घाबरलेल्या बाईला विचारू लागल्या की घरी कोण कोण असतं. त्यांचा आवाज आबांसारखा अजिबात नाही, हळू आणि मऊ आहे. बाई उत्तरं देत होती. मुलगा झाला, लगेच रडला, सगळं सुरळीत पार पडलं.

हात धुऊन मी बाहेर आले, आबांना सांगायला. बाकावर, दुपारच्या उजेडात, मान भिंतीला टेकवून, तोंड थोडं उघडं टाकून आबा गाढ झोपले होते. नातेवाइकांची धावपळ चालली होती, पेढ्यांचा पुडा फिरत होता, कुणीतरी मोबाइलवर मोठ्यानं ओरडून बातमी सांगत होतं, आणि आबांना त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. नव्या बाळाची आजी, लांबच्या गावची, पेढा घेऊन त्यांच्यापुढं थांबली होती. त्यांना उठवावं की नाही, या विचारात.

मला बघून तिनं विचारलं, "ह्ये बाबा कुनाकडचं वं? ह्येंची बाळतीन आत हाय का?"

"आमच्याकडचेच आहेत," मी म्हटलं. "झोपू द्या त्यांना."